चलन, मॅनिफेस्ट आणि राहून गेलेली एक ओळ

बऱ्याच महिन्यांनी इथे लिहितोय. दिवाळीत आत्यानं विचारलं होतं, "ब्लॉग बंद केलास का रे?" तेव्हा 'वेळ नाही' हे ठेवणीतलं उत्तर दिलं. पण खरं कारण वेगळं होतं. सप्टेंबरअखेर ऑफिसात एक प्रकार घडला. त्यात चूक माझी होती. ती लिहायची तर आधी मॅनिफेस्ट फाईल म्हणजे काय ते सांगावं लागणार, आणि ते सांगायचं म्हणजे बराच मागचा इतिहास आला. आज बसलोच आहे तर सगळं सांगून टाकतो. आत्या, कंटाळा आला तर मधलं सोड, शेवट मात्र वाच.

माझं ऑफिस तळवड्याच्या आयटी पार्कात आहे. आयटी पार्क म्हटलं की लोकांना हिंजवडीच आठवते. तळवडे म्हटलं की देहूला जाताना लागणारं गाव. हे गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं १९९७ साली. आजही आमच्या गेटबाहेर डाव्या हाताला काचेच्या इमारती आणि उजव्या हाताला पत्र्याच्या शेड असा थाट आहे. शेडमध्ये लेथ चालतात, प्रेस चालतात, पावडर कोटिंगच्या भट्ट्या चालतात. संध्याकाळी चौकात कंपनीची बस आणि मालाचा टेम्पो एकाच गर्दीत अडकतात. आम्ही बसमधून टेम्पोकडे बघतो आणि टेम्पोवाले आमच्याकडे बघतात. दोघांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं कुणालाच वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं.

बाबा भोसरीच्या एका कारखान्यात स्टोअरला होते, एकतीस वर्षं. निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. मी घरून काम करत असलो की ते चहा घेऊन मागे येऊन उभे राहतात आणि पडद्याकडे बघतात. एकदा म्हणाले, "तू नक्की काय लिहितोस दिवसभर?" योगायोगानं समोर मॅनिफेस्ट फाईल उघडी होती. जेमतेम पंधरा ओळींची. मी ती मराठीत वाचून दाखवली. ॲपचं नाव अमुक. मेमरी एक जीबी. इन्स्टन्स दोन, म्हणजे या ॲपच्या दोन प्रती एकाच वेळी चालवायच्या. बिल्डपॅक जावाचा, म्हणजे ॲप चालवायला कुठलं सामान आधी मांडून ठेवायचं ते. रूट अमुक, म्हणजे लोक कुठल्या पत्त्यावर येणार. सर्व्हिसेसमध्ये डेटाबेस अमुक. आणि खाली काही एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स.

बाबांनी चष्मा वर केला. "हे तर चलन आहे," म्हणाले.

मी हसलो. नंतर विचार केला तेव्हा लक्षात आलं की ते अगदी बरोबर बोलले होते.

मॅनिफेस्ट हा शब्द आमच्याकडे आला तो बंदरावरून. जहाजावर काय काय माल चढवलाय, कुणाचा आहे, किती आहे, याची कप्तानानं सही करून द्यायची यादी म्हणजे मॅनिफेस्ट. आपल्या कोकण किनाऱ्याला असल्या कागदांची सवय फार जुनी. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी कार्ताझ नावाचा परवाना सुरू केला. त्यात जहाजाचं नाव, त्यावरचा नाखवा, जहाज किती मोठं, शस्त्रं किती, कुठून निघालं आणि कुठे जाणार, असं सगळं लिहिलेलं असायचं. कार्ताझ नसेल तर जहाज जप्त. चौल-दाभोळच्या व्यापाऱ्यांना हा कागद चांगलाच माहीत होता. पुढे कान्होजी आंग्र्यांनी तोच न्याय उलटा फिरवला आणि आमचं दस्तक घेतल्याशिवाय या पाण्यातून जायचं नाही असं परक्या जहाजांना बजावलं. सत्ता बदलली तरी कागद तोच राहिला. ज्याची ओळख नाही अशा माणसाला, तोंड न उघडता, आपल्याजवळ काय आहे हे कळावं यासाठीचा हा कागद.

स्वतंत्र भारतात हे सगळं १९६२ च्या कस्टम्स ॲक्टमध्ये आलं. त्याचं कलम ३० मॅनिफेस्टचं. जहाज बंदराला लागायच्या आधी यादी द्यायची. 'आधी' हा शब्द महत्त्वाचा. माल उतरल्यावर मोजून सांगण्यात काय मोठेपणा? आधी लिहून द्यायचं आणि मग त्याला जबाबदार राहायचं. याच कलमात आणखी एक पोटकलम आहे, पण ते शेवटी सांगतो.

आता बाबांचं चलन. आमचा हा सगळा पट्टा जॉबवर्कवर उभा आहे. एका कारखान्यात कास्टिंग येतं, दुसऱ्या शेडमध्ये टर्निंग होतं, तिसरीकडे प्लेटिंग, आणि परत पहिल्याकडे जुळणीला. माल दिवसभर टेम्पोतून इकडून तिकडे फिरत असतो. १९८६ च्या बजेटात विश्वनाथ प्रताप सिंहांनी मोडव्हॅट आणलं. त्याच्या नियम ५७-एफ खाली, एक्साइज न भरता माल जॉबवर्कला पाठवायची सोय होती. त्यासाठी चलन लागायचं. माल कुठला, नग किती, काम कुठलं करायचंय, कुणाकडे चाललाय. ठरलेल्या मुदतीत माल परत यायला हवा, आणि आला की त्याच चलनावर नोंद. बाबांच्या तोंडी अजून 'फिफ्टी सेव्हन एफ' असतं. मोडव्हॅट जाऊन सेनव्हॅट आलं, मग १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, पण जॉबवर्कचं चलन काही सुटलं नाही. १ एप्रिल २०१३ पासून पिंपरी-चिंचवडची जकात गेली, नाके उठले. मात्र २०१८ पासून ई-वे बिल आलं. म्हणजे नाका गेला, यादी राहिली.

बाबा चलनाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं काहीबाही लिहून ठेवायचे. 'दहा नग जास्त, मागच्या वेळी रिजेक्शन आलं म्हणून.' 'प्लेटिंगवाल्याची भट्टी बंद, दोन दिवस उशीर धरावा.' पुढच्या बाजूला काय आणि किती, मागच्या बाजूला का. ऑडिटला मागची बाजू कुणी बघायचं नाही. पण बाबा रजेवर असले की त्यांच्या जागी बसणारा माणूस आधी मागची बाजू वाचायचा.

आता माझ्या धंद्याकडे येतो. आमच्याकडेही मॅनिफेस्ट तसं जुनंच. १९९७ साली जावाच्या १.१ आवृत्तीबरोबर जार फाईल आली, म्हणजे प्रोग्रामचे तुकडे बांधून केलेलं गाठोडं. त्या गाठोड्यात एक छोटी मॅनिफेस्ट फाईल असते, आत काय आहे आणि सुरुवात कुठून करायची ते सांगणारी. तिच्या शेवटच्या ओळीनंतर एंटर मारायला विसरलात तर ती ओळ वाचलीच जात नाही. या एका एंटरपायी आमच्या पिढीनं किती रात्री घालवल्या असतील! :-)

पण गाठोडं बांधणं वेगळं आणि ते सर्व्हरवर नेऊन चालू करणं वेगळं. मी नोकरीला लागलो तेव्हा त्यासाठी एक वर्ड डॉक्युमेंट असायचं, चाळीस पायऱ्यांचं. फाईल अमुक ठिकाणी कॉपी करा, अमुक सर्व्हिस बंद करा, अमुक ओळ बदला. पलीकडच्या देशातला ऑपरेशन्सचा माणूस ते वाचून एकेक पायरी करायचा आणि आपण इकडे फोन कानाला लावून बसायचं. सतरावी पायरी तो विसरायचा किंवा लिहिणारा विसरलेला असायचा. शिवाय प्रत्येक सर्व्हरच्या काही खोडी कुणातरी एकाच माणसाला ठाऊक असायच्या. तो माणूस लग्नाला गावी गेला की रिलीज पुढे ढकलायचं. हे मी गमतीनं लिहीत नाहीये, खरंच ढकलायचो.

एप्रिल २००८ मध्ये गुगलनं ॲप इंजिन आणलं. सुरुवातीला फक्त पायथन चालायची, आणि सोबत एक छोटी फाईल द्यायची: ॲपचं नाव, आवृत्ती, कुठली भाषा, कुठल्या पत्त्यावर कुठला प्रोग्राम. सर्व्हर कुठला, कुठे आहे, याच्याशी तुमचा संबंध संपला. हेरोकू ही कंपनी २००७ पासून रुबीवाल्यांसाठी असंच काहीतरी करत होती. तिनं २०११ मध्ये प्रॉकफाईल आणली, ती तर एक-दोन ओळींत संपते. आणि त्याच वर्षी, १२ एप्रिल २०११ ला, व्हीएमवेअरनं क्लाऊड फाउंड्री जाहीर केली आणि तिचा कोड सगळ्यांना खुला केला. माझ्या पडद्यावरची ती पंधरा ओळींची फाईल याच घराण्यातली.

क्लाऊड फाउंड्रीत करायचं एवढंच. आपल्या प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये मॅनिफेस्ट ठेवायची आणि 'सीएफ पुश' असा हुकूम द्यायचा. प्लॅटफॉर्म यादी वाचतो, तेवढी मेमरी देतो, तेवढ्या प्रती उभ्या करतो, डेटाबेस जोडतो, पत्ता लावतो. एखादी प्रत मेली तर विचारत बसत नाही, यादीत दोन लिहिलंय म्हणून दुसरी उभी करतो. मेमरी कमी लिहिलीत आणि ॲपनं जास्त मागितली तर प्रोग्राम सरळ मारून टाकतो. दयामाया नाही. चाळीस पायऱ्या सांगायच्याच नाहीत, शेवटी काय हवंय ते सांगायचं, हा यातला मोठा बदल.

या घराण्याचा एक धागा आमच्या गावाशेजारीही येतो. २०१३ च्या एप्रिलमध्ये व्हीएमवेअर आणि तिची मालक ईएमसी यांनी पिव्होटल ही वेगळी कंपनी काढली आणि क्लाऊड फाउंड्री तिच्याकडे गेली. त्यात जनरल इलेक्ट्रिकनं साडेदहा कोटी डॉलर घातले. विमानाची इंजिनं करणाऱ्या कंपनीला यात काय रस? तर यंत्रांकडून येणारी माहिती गोळा करणारा स्वतःचा प्लॅटफॉर्म तिला उभारायचा होता. तो प्रेडिक्स, आणि त्याचा पाया क्लाऊड फाउंड्रीचा. १४ फेब्रुवारी २०१५ ला याच जीईच्या चाकणच्या कारखान्याचं उद्घाटन पंतप्रधान मोदींच्या हस्ते झालं. 'ब्रिलियंट फॅक्टरी' म्हणून त्याचं तेव्हा बरंच नाव झालं. यंत्रं आणि कॉम्प्युटर एकमेकांशी बोलणार, वगैरे. त्याच वर्षी प्रेडिक्स क्लाऊडची घोषणा झाली. प्रेडिक्सवर काही चढवायचं असेल तर हुकूम तोच, सीएफ पुश, आणि फाईल तीच, मॅनिफेस्ट.

पुढे प्रेडिक्सचा गाजावाजा ओसरला. एप्रिल २०२४ पर्यंत जीईचीच तीन कंपन्यांत वाटणी पुरी झाली. हेरोकूनं नोव्हेंबर २०२२ मध्ये फुकटची सोय बंद केली, आयबीएमनं २०२३ मध्ये आपल्याकडची क्लाऊड फाउंड्री आवरती घेतली. २०१४ मध्ये गुगलमधून निघालेलं कुबरनेटिस आता बहुतेक ठिकाणी आहे. पण तिथेही जी फाईल लिहावी लागते तिला मॅनिफेस्टच म्हणतात. पुन्हा तेच, नाका गेला, यादी राहिली.

या याद्या लिहायची पद्धत म्हणजे यॅमल, २००१ सालची. माणसाला सहज वाचता यावी म्हणून केलेली. वाचता येते खरी, पण लिहिताना मात्र सोवळं फार. ओळ आत सरकवायला स्पेसच वापरायची, टॅब चालत नाही. आवृत्ती ३.१० लिहिलीत आणि भोवती अवतरणचिन्हं नसली की ती अपूर्णांक समजून ३.१ करून टाकते. पायथनवाल्या कितीतरी लोकांना हा प्रसाद मिळालाय. पण या चुका निदान लगेच दिसतात. माझी चूक सहा महिने दिसली नाही.

तर आता तो प्रकार.

आमचं ॲप गाड्यांच्या पार्टांचं आहे. पार्ट पुरवणाऱ्या छोट्या कारखान्यांनी टेम्पो निघायच्या आधी आपण काय आणि किती पाठवतोय ते त्यात भरायचं. त्याची पावती छापून निघते, ती दाखवली की मोठ्या कारखान्याचं गेट उघडतं. (बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे चलनासाठी चलन!") मार्चअखेर त्यावर नेहमीच झुंबड उडते. गेल्या मार्चमध्ये ॲप हळू चालायला लागलं, तेव्हा मी रात्री साडेअकराला थेट हुकूम दिला, 'सीएफ स्केल', आणि दोनाच्या सहा प्रती केल्या. दोन मिनिटांत सगळं सुरळीत. मी झोपलो. मॅनिफेस्टमध्ये मात्र इन्स्टन्स दोनच राहिले. उद्या बदलू म्हटलं. तो उद्या काही आला नाही. सहा महिने सहा प्रती चालत होत्या आणि यादीत दोनच होत्या.

आमच्या टीममध्ये एक नवीन मुलगी आहे, पहिलीच नोकरी. २८ सप्टेंबरला तिनं पडद्यावरच्या एका शब्दाचं स्पेलिंग दुरुस्त केलं आणि रीतसर सीएफ पुश केलं. क्लाऊड फाउंड्रीचा नियम असा, की हातानं काहीही केलेलं असो, मॅनिफेस्टमध्ये आकडा लिहिलेला असेल तर पुश करताना तोच खरा. सहाच्या दोन झाल्या. दोन दिवस कामाचा ताण कमी होता म्हणून कळलं नाही. ३० तारखेला, सहामाही संपताना, ॲप बसलं. अडीच तास. पावत्या निघेनात म्हणून गेटवर टेम्पो थांबले. त्या टेम्पोंमध्ये एखादा आमच्या गेटबाहेरच्या शेडमधलाही असेलच.

दुसऱ्या दिवशी कॉलवर विचारणा झाली. शेवटचा बदल कुणी केला? तिनं. "पुश करण्याआधी तपासलं नाहीस का?" तिला उत्तर देता येईना. तिनं तपासायचं काय, तिच्यासमोर जी यादी होती ती तिनं जशीच्या तशी पाठवली होती. मला मात्र त्याच क्षणी कळलं होतं. मार्चमधली ती रात्र डोळ्यासमोर उभी राहिली. मी बोललो नाही. म्हटलं, आधी नीट खात्री करून घेऊ. खात्री करायला दहा मिनिटं लागली असती, मी दोन दिवस घेतले.

त्या दोन दिवसांत घरी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी उपदेश वगैरे काही केला नाही. विचारलं, "रजिस्टरमध्ये आकडा चुकला की आम्ही काय करायचो, माहितीये?" मग स्वतःच म्हणाले, "खाडाखोड नाही, व्हाइटनर नाही. चुकीच्या आकड्यावर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा. शेजारी सही आणि तारीख." थोड्या वेळानं म्हणाले, "सहीच महत्त्वाची. चूक कुणाची ते सहीवरून कळतं, म्हणून दुसऱ्या कुणावर जात नाही."

तिसऱ्या दिवशी मी टीमला मेल लिहिली. मार्चमध्ये प्रती मी हातानं वाढवल्या, फाईलमध्ये लिहिल्या नाहीत, चूक माझी. तिचं नाव घेऊन लिहिलं की तिनं नियमाप्रमाणेच केलं. मग फाईल दुरुस्त केली. दोनाचे सहा. आणि यॅमलमध्ये हॅशचं चिन्ह टाकून पुढे काहीही लिहिता येतं, प्लॅटफॉर्म ते वाचत नाही, फक्त माणसं वाचतात. तिथे लिहिलं: मार्चअखेर आणि सहामाहीला पुरवठादारांची गर्दी असते, दोनावर भागत नाही. ही आमची चलनाची मागची बाजू. इतकी वर्षं ती कोरी ठेवून मी नुसती पुढची बाजू भरत होतो.

ती मुलगी दुपारी कॅन्टीनमध्ये भेटली. आभार वगैरे मानले नाहीत तिनं, मानायचं कारणही नव्हतं. एवढंच म्हणाली, "सर, मी दोन रात्री लॉग वाचत होते, माझं कुठे चुकलं ते शोधत." याला मी काय उत्तर देणार होतो? अजूनही सुचलेलं नाही. ब्लॉग लिहायला हात धजत नव्हता तो यामुळे.

कस्टम्स ॲक्टच्या कलम ३० मधलं पोटकलम सांगायचं राहिलंय. मॅनिफेस्ट चुकीची किंवा अपुरी आहे असं आढळलं, आणि त्यामागे लबाडीचा हेतू नव्हता अशी अधिकाऱ्याची खात्री झाली, तर तो ती दुरुस्त करू देऊ शकतो. कायदा लिहिणाऱ्यांना माणसं माहीत होती म्हणायची. यादी चुकणारच हे त्यांनी धरलं होतं. माझ्या मार्चच्या विसरण्याला हे कलम लागू पडेल. त्यानंतरच्या दोन दिवसांना पडेल का, याबद्दल मला शंका आहे.

ऑफिसमधून देहूला जायला फार वेळ लागत नाही. परवा सुट्टीच्या दिवशी बाबांना घेऊन इंद्रायणीकाठी गेलो होतो. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं याच नदीत बुडवली असं सांगतात. बाबा पाण्याकडे बघत बसले होते. म्हणालो, "बाबा, इथे खतं बुडवली, आणि आपण शेजारी बसून रोज नवीन लिहितोय." ते म्हणाले, "त्यांनी दुसऱ्यांकडून यायचं होतं ते बुडवलं. आपण द्यायचं असतं ते नाही बुडवायचं."

असो. आत्या, वाचलंस ना इथपर्यंत? आणि मंडळी, तुमच्यापैकी जे माझ्याच धंद्यात आहेत त्यांनी आज एकदा आपापली मॅनिफेस्ट उघडून बघा. चालू काय आहे आणि लिहिलंय काय, जुळतंय का? नसेल जुळत तर आजच दुरुस्त करा, आणि शेजारी का ते लिहा.